वाटीत नेमके किती ग्रॅम?
स्वयंपाकघरातील वजन आणि माप यांचा मेळ घालताना

वाण्याकडून रवा किलोने आणला जातो, पाककृतीत मात्र तो वाटीने लागतो. तेल लिटरने विकत मिळते, पण लोणच्याच्या जुन्या वहीत ते किलोने लिहिलेले असते. परदेशातील नातलगांनी पाठविलेल्या केकच्या कृतीत सारे काही ‘कपा’त असते आणि घरातील कप चहाचे असतात, तेही प्रत्येक संचातले निराळ्या आकाराचे. अशा वेळी हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, एक वाटी म्हणजे किती ग्रॅम? या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. ज्या वाटीत पाणी दीडशे ग्रॅम मावते, तिच्यातच साखर सुमारे १२७ ग्रॅम, मैदा ८० ग्रॅम आणि बारीक मीठ तब्बल १८० ग्रॅम मावते. वाटी तीच राहते, वजन मात्र आतल्या जिनसाप्रमाणे बदलते.

वजन निराळे, माप निराळे

ग्रॅम आणि किलो ही वजनाची एकके आहेत. वाटी, चमचा, कप आणि लिटर ही आकारमानाची, म्हणजे एखादा पदार्थ किती जागा व्यापतो ते सांगणारी मापे आहेत. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे घनता. पाण्याच्या बाबतीत हिशेब सोपा आहे. एक मिलिलिटर पाण्याचे वजन व्यवहारात एक ग्रॅम धरले जाते. दूध पाण्याहून किंचित जड, तर तेल आणि पातळ केलेले तूप पाण्याहून हलके असते. मध पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असतो.

कोरड्या जिनसांत आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे दाण्यांमधील हवा. मैद्याचा डबा नुकताच हलवून ठेवला असेल, तर पीठ दाबून बसलेले असते. तेच चाळून घेतले की फुगते. चमच्याने हलके भरलेली मैद्याची वाटी आणि डब्यात खुपसून दाबून भरलेली वाटी यांच्या वजनात सहज दहा ते वीस टक्क्यांचा फरक पडतो. तांदूळ, डाळी आणि साखर यांच्या बाबतीत हा फरक फारसा पडत नाही, कारण त्यांचे दाणे दाबले जात नाहीत. म्हणूनच वाटीने मोजलेला भात रोज सारखा होतो, पण वाटीने मोजलेल्या मैद्याचा केक कधी हलका, तर कधी दडस होतो.

शेर, पायली आणि वाटी

वजन आणि माप यांची ही जोडगोळी महाराष्ट्राला नवी नाही. धान्य मापाने आणि इतर अनेक जिन्नस वजनाने घेण्याची रीत येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ‘शेर’ हा शब्द तर दोन्ही अर्थांनी वापरला जाई. वजनी शेर तराजूत तोलायचा आणि मापी शेर धान्याने भरायचा. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली हा मापी हिशेब होता. वजनाच्या बाजूला छटाक, नवटाक, पावशेर आणि अच्छेर होते. ब्रिटिश अमदानीत रूढ झालेला पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ९३३ ग्रॅमचा होता. मापी शेरात भरलेल्या धान्याचे वजन मात्र ते धान्य कोणते, यावर अवलंबून असे. शिवाय मापे गावोगावी निराळी असत.

माप सपाट भरायचे की शीग लावून, हाही जुना प्रश्न. मापाच्या काठावर रचलेली धान्याची रास म्हणजे शीग. ‘शिगोशीग भरलेले’ हा शब्दप्रयोग तिथूनच आला. आजच्या स्वयंपाकघरात ‘एक चमचा’ लिहिताना हीच संदिग्धता राहून जाते. सपाट चमचा आणि शिगेचा चमचा यांत जवळजवळ दुपटीचा फरक पडू शकतो.

वजने-मापे मानकांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून देशात दशमान वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली. दुकानातून शेर गेला आणि किलो आला. स्वयंपाकघरात मात्र किलो पूर्णपणे शिरलाच नाही. तेथे वाटी आणि चमचा यांनीच जागा घेतली. कमलाबाई ओगले यांच्या १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघरी नेले. नव्याने स्वयंपाक शिकणाऱ्यांना तराजूवाचून स्वयंपाक करता येऊ लागला, हे त्या पद्धतीचे मोठे यश होय. अमेरिकेत असेच काम फॅनी फार्मर यांच्या १८९६ मधील पाकपुस्तकाने केले होते. कप आणि चमचे सपाट भरून मोजण्याचा आग्रह त्यांनी धरला आणि तो तेथे कायमचा रुजला.

आधी आपली वाटी मोजा

कोणताही तक्ता हाती घेण्यापूर्वी आपल्या घरातील वाटी किती मिलिलिटरची आहे, हे पाहणे आवश्यक आहे. आमटीची वाटी, खिरीची वाटी आणि तुपाची वाटी या तीन निराळ्या वस्तू आहेत. घरात डिजिटल काटा असेल, तर रिकामी वाटी त्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि वाटी काठापर्यंत पाण्याने भरावी. जितके ग्रॅम दिसतील, तितके मिलिलिटर ही त्या वाटीची धारकता.

काटा नसला तरी अडत नाही. एक लिटरची पाण्याची बाटली पूर्ण भरून ती वाटीने मोजावी. दहा वाट्या भरल्या तर वाटी १०० मिलिलिटरची, पाच भरल्या तर २०० मिलिलिटरची. साडेसहापेक्षा थोड्या अधिक भरल्या, तर ती दीडशे मिलिलिटरची आहे असे समजावे. ताळा पाहायचा असेल, तर साखरेचे एक किलोचे नवे पाकीट फोडून ते त्याच वाटीने सपाट मोजावे. दीडशे मिलिलिटरच्या वाटीने सुमारे पावणेआठ वाट्या साखर भरायला हवी.

चमच्याची परीक्षाही अशीच घेता येते. पाककृतीतील ‘छोटा चमचा’ हा ५ मिलिलिटरचा आणि ‘मोठा चमचा’ १५ मिलिलिटरचा धरला जातो. घरातील चहाचा चमचा तेवढाच असेल, याची खात्री नसते. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणाऱ्या लहान पेल्यावर ५ मिलिलिटरची खूण असते. स्वच्छ धुतलेल्या अशा पेल्यात त्या खुणेपर्यंत पाणी घेऊन ते चमच्यात ओतले की चमचा लहान आहे की मोठा, ते लगेच समजते.

दीडशे मिलिलिटरच्या एका वाटीचा तक्ता

पुढील आकडे सपाट भरलेल्या, न दाबलेल्या वाटीचे असून ते अंदाजे आहेत. जिनसाचा प्रकार, ओलावा आणि दळण यांप्रमाणे त्यांत थोडा फरक पडतो.

पाणी – १५० ग्रॅम
दूध – १५५ ग्रॅम
तेल – १३७ ग्रॅम
साजूक तूप (पातळ) – १३६ ग्रॅम
मध – २१० ग्रॅम
साखर – १२५ ते १३० ग्रॅम
पिठीसाखर – ७५ ते ८० ग्रॅम
तांदूळ – १२० ते १२५ ग्रॅम
तूर, मूग व हरभरा डाळ – १२० ते १३० ग्रॅम
रवा – १०५ ग्रॅम
साबुदाणा – ९५ ते १०० ग्रॅम
शेंगदाणे – ९० ते ९५ ग्रॅम
मैदा – ८० ग्रॅम
कणीक – ७५ ते ८० ग्रॅम
बेसन – ६० ते ७५ ग्रॅम
खवलेले ओले खोबरे – ५० ग्रॅम
बारीक मीठ – १८० ग्रॅम

वाटी निराळ्या आकाराची असेल, तर आकड्याला दीडशेने भागून आपल्या वाटीच्या मिलिलिटरने गुणावे. उदाहरणार्थ, २०० मिलिलिटरच्या वाटीत रवा १४० ग्रॅम मावेल. उलट हिशेबही याच तक्त्यावरून करता येतो. दीडशे मिलिलिटरच्या वाटीने मोजल्यास अर्धा किलो साखर म्हणजे जवळजवळ चार वाट्या, अर्धा किलो रवा म्हणजे पावणेपाच वाट्या आणि अर्धा किलो मैदा म्हणजे सव्वासहा वाट्या होतात. बेसनाच्या त्याच वजनाला सात वाट्या किंवा त्याहूनही अधिक लागतात.

पाच मिलिलिटरच्या सपाट चमच्यात मीठ सुमारे ६ ग्रॅम, साखर ४ ग्रॅम, हळद ३ ग्रॅम, तिखट अडीच ते तीन ग्रॅम, जिरे २ ग्रॅम आणि खाण्याचा सोडा साडेचार ते पाच ग्रॅम मावतो. अख्खे धणे दोन ग्रॅमही भरत नाहीत.

गूळ या तक्त्यात मुद्दामच घेतलेला नाही. चिरलेला, किसलेला आणि कुटून दाबलेला गूळ यांची वजने इतकी भिन्न असतात की तो तोलून घेणेच श्रेयस्कर ठरते.

प्रमाण कोठे टिकते, कोठे बिघडते?

वाटीचे माप वापरणाऱ्यांचा भरवसा प्रमाणावर असतो. एकाच वाटीने सारे मोजले, तर वाटी लहान असो वा मोठी, पदार्थ बिघडत नाही, हे बव्हंशी खरे आहे. भाताला दुप्पट पाणी, इडलीला तीन किंवा चार भाग तांदळास एक भाग उडीद डाळ अशी प्रमाणे कोणत्याही वाटीने जमतात. तांदूळ आणि डाळी यांची घनता जवळपास सारखी असल्याने ही प्रमाणे वजनाने घेतली तरी फारसे बिघडत नाही. चकलीची भाजणी शेराने मोजण्याच्या काळातही जमत असे आणि किलोने मोजतानाही जमते, याचे कारण हेच. मात्र त्याच भाजणीत पोहे आणि धणे येतात, तेव्हा सावध राहावे लागते. हे दोन्ही जिन्नस हलके आहेत. ‘एक वाटी पोहे’ याचे ‘सव्वाशे ग्रॅम पोहे’ असे रूपांतर तांदळाच्या हिशेबाने केले, तर पोहे कितीतरी जास्त पडतील आणि चकलीचा पोत बदलेल.

सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा हे याचे आणखी बोलके उदाहरण. रवा, साखर आणि तूप सव्वाच्या प्रमाणात सारखे घ्यावे, अशी रीत आहे. पण सारखे म्हणजे वजनाने की मापाने? दीडशे मिलिलिटरच्या वाटीने मोजले, तर एक वाटी रव्याचे १०५ ग्रॅम होतात, साखरेचे सुमारे १२७ आणि तुपाचे १३६. तराजूवर तिन्ही समान घेतलेल्या शिऱ्यापेक्षा वाटीने समान घेतलेल्या शिऱ्यात रव्याच्या मानाने साखर सुमारे वीस टक्के आणि तूप सुमारे तीस टक्के अधिक पडते. दोन्ही शिरे रीतीला धरूनच आहेत, पण चवीला ते एक नव्हेत. एका घरचा प्रसाद दुसऱ्या घरच्यापेक्षा गोड का लागतो, याचे उत्तर कित्येकदा हातगुणात नसून तराजूत असते.

प्रमाण बिघडण्याची आणखी एक जागा म्हणजे केक. २५० मिलिलिटरच्या कपाने लिहिलेली कृती दीडशे मिलिलिटरच्या वाटीने केली की मैदा, साखर आणि लोणी एकाच पटीत कमी होतात. अंडी मात्र तितकीच राहतात, बेकिंग पावडरचा चमचा तितकाच राहतो आणि भांडेही तेच असते. त्यामुळे वाटीचे प्रमाण सांभाळूनही केक फसतो. कृतीत वाटी किंवा कपाबरोबर नगाने वा चमच्याने सांगितलेले जिन्नस असतील, तर मूळ माप किती मिलिलिटरचे, हे शोधावेच लागते.

कप कोणत्या देशाचा?

कप या नावाने जगात एकच माप रूढ नाही. अमेरिकेतील प्रचलित कप सुमारे २३७ मिलिलिटरचा आहे. तेथील पोषणमूल्यांच्या लेबलांसाठी तो २४० मिलिलिटर धरला जातो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे कप २५० मिलिलिटरचा, तर जपानमध्ये तो २०० मिलिलिटरचा आहे. विजेच्या राइस कुकरबरोबर मिळणारा लहान कप बहुधा १८० मिलिलिटरचा असतो आणि त्यात सुमारे १५० ग्रॅम तांदूळ मावतात. कुकरच्या भांड्यावरील पाण्याच्या रेषा या कपाच्या हिशेबाने आखलेल्या असतात. तो कप हरवला आणि घरची वाटी वापरली की भात कधी कोरडा, तर कधी गिचका होतो.

मोठ्या चमच्याचेही असेच आहे. बहुतेक देशांत तो १५ मिलिलिटरचा, पण ऑस्ट्रेलियात २० मिलिलिटरचा असतो. अमेरिकी कृतीतील लोण्याची एक ‘स्टिक’ म्हणजे ११३ ग्रॅम. आपल्याकडील १०० ग्रॅमचे पाकीट तिच्या जागी वापरले, तर लोणी थोडे कमी पडते. मेलबर्नच्या भावजयीने आणि न्यू जर्सीच्या बहिणीने पाठविलेल्या एकाच पदार्थाच्या दोन कृती जुळत नसतील, तर दोष कोणाच्याही स्वयंपाकाचा नसू शकतो.

लिटरचे तेल, किलोचे तेल

तेलाचे वजन पाण्यापेक्षा कमी भरते. एक लिटर तेल म्हणजे एक किलो नव्हे, तर खोलीच्या तापमानाला सुमारे ९१० ते ९२० ग्रॅम. लोणच्याच्या जुन्या कृतीत ‘एक किलो तेल’ असेल आणि एक लिटरची पिशवी ओतली, तर ऐंशी ते नव्वद ग्रॅम तेल कमी पडते. फोडींवर तेलाचा थर राहणे हे लोणचे टिकण्यासाठी महत्त्वाचे असल्याने हा फरक नगण्य म्हणता येत नाही.

तापमानाचाही येथे संबंध येतो. तेल तापले की फुगते, त्यामुळे तेवढ्याच जागेत ते वजनाने कमी मावते. सोयाबीन तेलाचे एका लिटरचे वजन २१ अंश सेल्सिअसला ९१९ ग्रॅम, तर ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम भरते. काही उत्पादक पाकिटावर चढे तापमान छापून लिटरचा आकडा दाखवीत असल्याचे आढळल्यावर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये सूचना काढली. तापमानाचा उल्लेख न करता लिटरमधील माप द्यावे आणि त्याबरोबर वजनही छापावे, असे सांगून त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंतची मुदत देण्यात आली. तेल घेताना पाकिटावरील लिटरबरोबर ग्रॅमचा आकडाही वाचावा, तो एवढ्यासाठीच. दोन पाकिटांच्या किमतींची खरी तुलना वजनावरच होते.

मिठाचा चमचा जपून

रवा-साखरेत थोडे इकडेतिकडे झाले, तर चव बिघडते. मिठाच्या बाबतीत त्याहून अधिक काही बिघडू शकते. मीठ हे स्वयंपाकघरातील सर्वांत जड भुकट्यांपैकी एक असल्याने चमच्यावरील थोडीशी शीगही वजनात मोठी भर घालते. जुन्या वह्यांतील लोणच्याच्या कृती पुष्कळदा जाड्या मिठाच्या आहेत. जाड्या खड्यांमध्ये पोकळी अधिक राहते, त्यामुळे त्याच वाटीत ते वजनाने कमी भरते. तीच वाटी पाकिटातील बारीक मिठाने भरली की लोणचे खारट होते. मग घाबरून मीठ अंदाजाने कमी केले, तर ते नासण्याचा धोका राहतो. अशा कृतीतील मीठ जाड्या मिठाच्या वाटीने एकदा तोलावे आणि तेवढ्याच ग्रॅमचे बारीक मीठ वापरावे.

मापाची चूक जिथे खरोखर महागात पडते, ती गोष्ट म्हणजे घरगुती जलसंजीवनी. जुलाबाच्या रुग्णासाठी तयार पुडी मिळाली नाही, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट छोटा चमचा, असे प्रमाण सांगितले जाते. चमचा ५ मिलिलिटरचा धरला, तर हे मीठ सुमारे तीन ग्रॅम भरते. अर्ध्या चमच्याऐवजी पूर्ण किंवा शीग लावलेला चमचा पडला, तर मीठ दुप्पट किंवा त्याहून अधिक होते आणि लहान बाळाला ते अपायकारक ठरू शकते. पाणी लिटरभर घेण्याऐवजी एका पेल्यावर भागविले, तरीही द्रावण तितकेच धोकादायक होते. तयार पुडीलाही हाच नियम लागू आहे. २०.५ ग्रॅमची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते, पेलाभर पाण्यासाठी नव्हे. लहान मुलांच्या बाबतीत शक्यतो तयार पुडीच वापरावी आणि डॉक्टरांना विलंब न करता दाखवावे.

रोजच्या जेवणासाठीही हा हिशेब उपयोगी आहे. प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे मीठ एका सपाट छोट्या चमच्याहूनही कमी भरते. पोळी, भाजी, आमटी, लोणचे आणि पापड या सर्वांतील मीठ त्यातच मोजायचे असते.

काटा कोठे, चमचा कोठे?

डिजिटल काटा घरात आला की सारेच त्यावर तोलावे, असे वाटू लागते. तेही योग्य नव्हे. साधा घरगुती काटा एक ग्रॅमच्या फरकाने आकडे दाखवितो. दोन ग्रॅम सोडा त्यावर तोलताना निम्म्या ग्रॅमची चूकही पाव हिश्शाची ठरते. तेथे सपाट भरलेला चमचाच अधिक भरवशाचा आहे. याउलट मैदा, कणीक, बेसन, गूळ, लोणी आणि लोणच्याचे मीठ तोलून घ्यावे. तांदूळ, डाळी, साखर, दूध आणि पाणी वाटीने मोजले तरी चालते.

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस आपल्या वाटीची धारकता आणि नेहमीच्या आठ-दहा जिनसांची त्या वाटीतील वजने लिहून ठेवली, तर हा हिशेब पुन्हा करावा लागत नाही. घरातील जुन्या वहीतली कृती पुढच्या पिढीला द्यायची असेल, तर आणखी एक काम उरते. ज्या वाटीने ती कृती आजवर होत आली, ती वाटी घरात आहे तोवर तिच्यात एकदा पाणी भरून मोजावे आणि तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर नोंदवून ठेवावा. वाटी हरवते, चेपते किंवा भावंडांच्या वाटणीत दुसऱ्या घरी जाते. आकडा वहीत असला, तर कृती कोणत्याही घरात तशीच उतरू शकते.